सिंथ विकत घ्यावा की लॅपटॉपवर भागवावं?

सिंथ, म्हणजे आवाज स्वतः घडवता येणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य, घ्यायचाय म्हणून कोणी माझ्याकडे आलं की पैसे किती आहेत ते मी आधी विचारत नाही. विचारतो ते हे: तुमच्याकडे लाईट किती वेळ राहते? आणि वाजवायचं कुठं, मांडवात की खोलीत? ह्या दोन उत्तरांत निम्मा निकाल लागतो. कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, टोन म्हणजे तयार आवाज किती, हे सगळं मागून.

मी अंबाजोगाईचा. वीस वर्षं झाली, ऑर्केस्ट्रात आणि नवरात्रात आराधी मंडळींबरोबर कीबोर्ड वाजवतो. गेली नऊ वर्षं घरामागच्या खोलीत ट्रॅकही करतो. आराधी गाणी, भीमगीतं, हळदीची गाणी, एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचं संगीत, जे काम येईल ते. माझ्याकडे स्टेजचा एक कीबोर्ड आहे, वहीएवढा एक ॲनालॉग सिंथ आहे (आवाज थेट विजेच्या सर्किटात घडवणारा) आणि एक लॅपटॉप आहे, ज्यात पंधरा-वीस सॉफ्टवेअर सिंथ भरलेले आहेत. तिन्ही रोज लागतात, पण तिघांची कामं वेगळी आहेत. ही कामं आधी नीट समजली तर घरातले पैसे चुकीच्या वस्तूत अडकत नाहीत.

गेल्या मे महिन्यात केजहून एक पोरगा आला. अकरावी झालेला. वडिलांनी हरभऱ्याच्या पैशातले 45 हजार त्याच्या हातावर ठेवले होते.

"सर, मला मिनीलॉग घ्यायचाय."

"बरं. सध्या काय वाजवायलास?"

"वाजवत नाही सर. मोबाईलवर बीट करायलाव."

मिनीलॉग चांगला आहे, त्यात वादच नाही. कॉर्गने तो 2016 साली काढला. अस्सल ॲनालॉग, आणि ज्या नॉबला हात लावाल त्याचा परिणाम तिथल्या तिथं ऐकू येतो. पण त्यात एका वेळी चारच सूर वाजतात. ढोलकी नाही, हलगी नाही, सनई नाही, गायकाचा आवाज रेकॉर्ड करायची सोय नाही. ह्या पोराला गाणी करायची होती. सिंथ घरी नेल्यावर आठ दिवसांनी तो लॅपटॉपसाठी पुन्हा वडिलांपुढं उभा राहिला असता. त्याला मी बसवून घेतलं आणि पेटी काढली.

सिंथ म्हणजे काय हे मी पेटीवरच शिकवतो. पेटीत पितळेची जीभ थरथरते आणि सूर निघतो, तो झाला ऑसिलेटर. पेटीचं वरचं झाकण लावा, आवाज दबतो. उघडा, खुलतो. तो फिल्टर, आणि झाकण किती उघडलंय ते म्हणजे कटऑफ. भात्यावरचा हात ठरवतो की सूर झटक्यात उठणार की हळू (अटॅक), किती टिकणार (सस्टेन) आणि कसा विरणार (डिके), तो एन्व्हलप. तोच हात बारीक हलवत भाता मारला की सूर लहरतो, ते काम सिंथमध्ये एलएफओ करतो. एवढं कळलं की जगातल्या बहुतेक सिंथवरची निम्मी बटणं ओळखीची होतात, मग तो लाखाचा असो की फुकट डाऊनलोड केलेला.

ऑर्केस्ट्रातला कीबोर्ड बहुतेक वेळा वेगळ्या वाटेनं जातो. त्यात खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले नमुने असतात आणि बोट ठेवलं की ते वाजतात. आपल्याकडे दोन्हींना कीबोर्डच म्हणतात. म्हणून दुकानात सिंथ मागायला गेलेला माणूस ठेक्यांचा कीबोर्ड घेऊन घरी येतो, नाहीतर उलटं होतं.

मांडवात

मांडवात, स्टेजवर, जत्रेत हार्डवेअरच, म्हणजे लॅपटॉप नव्हे, खरं वाद्य. ह्यात मी तडजोड करत नाही.

2019 च्या भीमजयंतीला परळीजवळच्या एका गावात मी लॅपटॉप घेऊन स्टेजवर चढलो होतो. घरी केलेले टोन स्टेजवर जसेच्या तसे मिळावेत हा हेतू होता. दिवसभर तापलेल्या पत्र्याखाली स्टेज. गायक दुसऱ्या कडव्यावर होता आणि लॅपटॉप आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला. परत सूर निघेपर्यंत चार मिनिटं गेली. तेवढा वेळ ढोलकीवाल्याने ठेका सोडला नाही आणि गायकाने तोच मुखडा फिरवून फिरवून लोक धरून ठेवले. गाणं वाचलं ते त्या दोघांमुळं. त्यानंतर लॅपटॉप मी स्टेजवर एकटा कधीच नेला नाही.

हार्डवेअर कीबोर्डला दुसरं काही काम नसतं. बटण दाबलं की थोड्या वेळात तयार. मध्येच करंट गेला आणि आला तरी लगेच उभा राहतो. गायिका म्हणाली "दादा, काळी चार नको, काळी दोन घ्या", तर ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलायचं, बटण हाताशी असतं. लॅपटॉपच्या पडद्यावर, अंधारात, घामेजल्या बोटांनी तेच करून बघा म्हणजे फरक कळेल.

रोलँडचा एक्सपीएस-10 आपल्या भागातल्या ऑर्केस्ट्रात जागोजाग दिसतो तो उगाच नाही. वजनाला हलका, 61 की, पेन ड्राईव्हवरचे तुकडे वाजवायला पॅड. आणि त्याचे देशी टोन भरून देणारी माणसं लातूर, नांदेड, हैदराबाद अशी आपल्या पोहोचेत आहेत. माझा मी 2017 साली एका वादकाकडून जुना घेतला, अजून चालू आहे. भजनी मंडळात किंवा शाळेत साथ करायची असेल तर यामाहाची पीएसआर-आय मालिका बघा. ती भारतासाठीच काढलेली आहे, आपले ठेके आत आहेत. सिंथ म्हणून ती फार पुढं नेणार नाही, पण साथीला चोख.

जनरेटरवरच्या कार्यक्रमात ॲडाप्टर जपायचा. मी कीबोर्डची वायर साउंडवाल्याच्या बोर्डात थेट लावत नाही. मध्ये छोटा यूपीएस ठेवतो. दिवे पेटले-विझले की जनरेटरचा करंट उसळतो, आणि कीबोर्डमध्ये सगळ्यात आधी जातो तो ॲडाप्टर.

खोलीत

ज्याचं काम खोलीत आहे त्याने पहिले पैसे सिंथवर घालू नयेत. लाईटचा प्रश्न मी आधी विचारतो तो ह्यासाठीच. दुपारी दोन-तीन तास लाईट जाणाऱ्या गावात भिंतीतल्या पिनवर चालणारा सिंथ नुसता टेबल अडवून बसतो. लॅपटॉप तेवढा वेळ स्वतःच्या बॅटरीवर काढतो, आणि ऑडिओ इंटरफेस (माइक-हेडफोन लॅपटॉपला जोडणारी डबी) आणि मिडी कीबोर्ड (स्वतःचा आवाज नसलेला, लॅपटॉपमधला सिंथ वाजवणारा) दोन्ही बहुतेक वेळा यूएसबीतूनच करंट घेतात. माझी कितीतरी गाणी लाईट नसतानाच झाली आहेत. उलट तेव्हा शेजारचा कूलर बंद असतो, गायकाचा आवाज स्वच्छ मिळतो.

खर्चाचा क्रम माझ्या मते असा. लॅपटॉप घरात असेल तर आधी बरे हेडफोन. कान चुकीचं ऐकत असेल तर पुढचं सगळं चुकतं. मग ऑडिओ इंटरफेस. मग 49 कीचा मिडी कीबोर्ड. 25 कीचा स्वस्त असतो, पण आपल्या चाली दीड-दोन सप्तकांत फिरतात. अंतरा वर गेला की प्रत्येक वेळी ऑक्टेव्हचं बटण दाबावं लागतं, आणि वाजवण्याचा ओघ तुटतो. घेताना पिचबेंड (सूर वरखाली ओढायचं चाक) आणि मोड व्हील (आवाजात हवा तो बदल जोडता येणारं चाक) दोन्ही आहेत ना ते बघा. चाकांऐवजी नुसत्या पट्ट्या असतील तर मींड हाताला लागत नाही.

लॅपटॉपवरचे सिंथ मात्र फुकट मिळतात, आणि चांगले मिळतात. व्हायटल 2020 साली आला. त्याच्या फुकट आवृत्तीत तयार टोन कमी आहेत, पण आवाज घडवायची यंत्रणा पूर्ण आहे. सर्ज एक्सटी मुक्त सॉफ्टवेअर आहे, 2018 पासून जगभरातले लोक मिळून तो वाढवतायत. डेक्स्डमध्ये यामाहाच्या डीएक्स7 ह्या जुन्या सिंथचे टोन जसेच्या तसे भरता येतात. रेकॉर्डिंगसाठी मी रीपर वापरतो. 60 दिवस वापरून बघता येतो, नंतर वैयक्तिक परवाना 60 डॉलरला आहे. एफएल स्टुडिओ एकदा घेतला की पुढच्या आवृत्त्या फुकट मिळतात, बीटवाल्या पोरांना तो लवकर हाताला बसतो. आयफोन असेल तर गॅरेजबँड फुकटच आहे, तिथून सुरुवात करायला काहीच हरकत नाही.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर घेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. मी घेतलं होतं. कुणाच्या तरी पेन ड्राईव्हवरून आलं, आणि नवरात्राच्या तोंडावर अकरा गाण्यांच्या फाईली कुलूपबंद झाल्या, वर पैशाची मागणी. त्यात माझ्या आईच्या आवाजातली दोन गाणी होती. ती पुन्हा रेकॉर्ड केली, पण पहिल्यांदा गाताना तिचा आवाज जसा लागला होता तसा परत लागला नाही.

आता उशिराचं बोलू, म्हणजे लेटन्सीचं. मिडी कीबोर्डवर बोट ठेवलं आणि आवाज किंचित मागून आला तर नवा माणूस समजतो लॅपटॉप खराब आहे. बहुतेक वेळा फक्त एक सेटिंग चुकलेली असते. लॅपटॉप आवाज गठ्ठ्यागठ्ठ्यानं पाठवतो, त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला 44,100 नमुने धरले तर 128 चा बफर म्हणजे सुमारे 3 मिलिसेकंद, 512 चा सुमारे 12, आणि 1024 चा सुमारे 23. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण एक तृतीयांश मीटर जातो. म्हणजे 128 वर वाजवणं हे स्पीकर मीटरभर अंतरावर असल्यासारखं, आणि 1024 वर वाजवणं हे स्पीकर आठ मीटर लांब, मांडवाच्या टोकाला बांधल्यासारखं. वाजवताना 128 किंवा 256 ठेवा. गाणं पूर्ण झाल्यावर मिक्स करताना 1024 केला तरी चालतो, तेव्हा लॅपटॉपला दम मिळतो. विंडोजवर इंटरफेस कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिरानं पोचवणारं छोटं सॉफ्टवेअर) टाका. इंटरफेस नसेल तर एएसआयओफोरऑल नावाचा फुकट ड्रायव्हर तात्पुरतं काम भागवतो.

मे महिन्यात लॅपटॉपखाली दोन लाकडी पट्ट्या ठेवून खालून हवा खेळती ठेवा. तापला की तो स्वतःच वेग कमी करतो, आणि भरलेल्या ट्रॅकमध्ये कडकड आवाज यायला लागतो. गादीवर तर कधीच ठेवू नका.

माझे आवडते

मिनीमूग 1970 चा. तीन ऑसिलेटर, एक फिल्टर, आणि एका वेळी एकच सूर. कॉर्ड वाजवणाऱ्याला ही उणीव वाटते, मला तो गुण वाटतो. सनईवाला एकच सूर वाजवतो, बासरीवाला एकच, गाणारी बाई एकच. आपली चाल एका धाग्यावर चालते, आणि एकसुरी सिंथवर ग्लाईड लावलं की एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं, तुटक पायऱ्या राहत नाहीत. मूळ मिनीमूग आपल्या आवाक्यातला नाही. पण व्हायटल किंवा सर्जमध्ये एका वेळी वाजणाऱ्या सुरांची संख्या एक करा, ग्लाईड 80 मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा, आणि पिचबेंडचा पल्ला 2 वरून 5 अर्धस्वरांवर न्या. आता चाक पूर्ण ढकललं की सा चा म होतो. आठ दिवस फक्त ह्यावर एखादी ओवी वाजवून बघा.

यामाहाचा डीएक्स7, साल 1983. ह्यामागची एफएमची कल्पना अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन चाउनिंग यांची. एका लहरीने दुसऱ्या लहरीला इतक्या वेगानं हलवायचं की मूळ सुरात नवे सूर फुटतात. दोन लहरींचं प्रमाण पूर्ण अंकात ठेवलं तर आवाज सुरेल येतो. 1 ला 1.4 असं अडनिडं ठेवलं की धातू वाजतो: घंटा, टाळ, घुंगरू. माझ्या देवीच्या गाण्यांतली देवळाची घंटा डेक्स्डमध्ये अशीच केलेली आहे. खरा डीएक्स7 हाताळायला अवघड. सपाट बटणं आणि छोटा पडदा, त्यामुळं बहुतेकांनी त्यातले तयार टोनच वाजवले. लॅपटॉपवर सहाही ऑपरेटर, म्हणजे लहरी काढणारे भाग, समोर दिसतात. ह्या एका बाबतीत सॉफ्टवेअर मूळ वाद्यापेक्षा शिकायला सोपं आहे असं मी ठामपणे म्हणेन.

रोलँडचा जुनो-106 हा 1984 चा. एका वेळी सहा सूर, आणि त्यावरचा कोरस (एक सूर अनेकांनी मिळून वाजवल्यासारखा करणारा परिणाम) इतका रुंद की दोन कॉर्डमध्ये अख्खं कडवं बसतं. पण जुना जुनो विकत घेऊ नका. त्याच्या आवाजाच्या चिप वयानं मरतात हे जगजाहीर आहे. एकेक सूर गप्प होतो, आणि ते काम करणारा माणूस आपल्या जिल्ह्यात मिळणं कठीण.

आणि एक नाव आपल्या पोरांना माहीत असायलाच हवं. मुंबईचे चरणजित सिंग. 1982 साली त्यांनी रोलँडच्या तीन यंत्रांवर, ज्युपिटर-8 सिंथ, बेसचं टीबी-303 आणि ठेक्याचं टीआर-808 वर, राग वाजवून रेकॉर्ड केले. तेव्हा त्याची फार कोणी दखल घेतली नाही. कितीतरी वर्षांनी परदेशातल्या लोकांनी ते ऐकलं आणि चकित झाले, कारण असा सरकता, घुमणारा बेस पुढं त्यांच्या नाचाच्या संगीताचा कणा झाला होता. सिंथ आपल्या सुरांचा नाही असं कोणी म्हणालं की मी ह्यांचं नाव घेतो.

चौंडकं

हार्डवेअर आणि सॉफ्टवेअरमधला खरा फरक मला एका वाद्यानं शिकवला. आई आराधी गाणी म्हणते. तिच्या मंडळातल्या चौंडकंवाल्या मावशी थकल्या आणि ट्रॅकसाठी चौंडकं मिळेना. काखेत धरलेलं लाकडी नळकांडं, तळाला कातडं, त्यातून ओवलेली तार. एका हातानं तार छेडायची आणि दुसऱ्या हातानं ताणायची. टिचकी पडते आणि सूर खालून वर चढतो, डुंऽव. हा आवाज तयार टोनमध्ये मला मिळाला नाही, म्हणून मी घडवायला बसलो.

आधी छोट्या सिंथवर, कॉर्गच्या व्होल्का कीजवर. तो सहा पेन्सिल सेलवर चालतो, स्वतःचा स्पीकर आहे, एका वेळी तीन सूर. लाईट नसलेल्या दुपारी ओट्यावर बसून केलं. ऑक्टेव्ह खाली नेला, सस्टेन शून्य, डिके मध्यावर, आणि सुराला एन्व्हलप जोडणारा ईजी इंट नावाचा नॉब फिरवला. अटॅक जरासा वाढवला की सूर खालून वर चढायला लागला. दहा मिनिटांत डुंऽव आला! घरातली पोरं धावत आली. पण काहीतरी कमी होतं. ह्या सिंथमध्ये एन्व्हलप एकच आहे, सूर आणि आवाज दोन्ही त्याच्याच ताब्यात. सूर चढवायला अटॅक वाढवला की आवाजही हळू उठतो, आणि तारेवरची बोटाची टिचकी हरवते.

मग लॅपटॉपवर व्हायटल उघडला. तिथं एन्व्हलप वेगवेगळे. पहिल्याला आवाज दिला: अटॅक शून्य, डिके 350 मिलिसेकंद, सस्टेन शून्य. दुसरा ओढून ऑसिलेटरच्या सुरावर टाकला: 120 मिलिसेकंदांत सात अर्धस्वर वर, मग हळू खाली. लहर साधी, त्रिकोणी. लो पास फिल्टर, म्हणजे वरचा चिरका भाग अडवणारा, 900 हर्ट्झच्या आसपास. वर नॉईजचा, म्हणजे बिनसुराच्या खरखरीचा, एक बारीक ठिपका, 10 मिलिसेकंदांचा, म्हणजे टिचकी. आता चौंडकं आहे असं मला वाटलं.

आईला ऐकवलं. ती दोन मिनिटं ऐकून म्हणाली, "ह्यो प्रत्येक बारी सारखाच ताणायलाय की रे. मावशीचा हात कुठं असा चालायचा?"

बरोबर होतं तिचं. मावशी गाण्याचा शब्द बघून तार ताणायच्या. मी दुसरा एन्व्हलप काढून टाकला आणि सुराचा चढ मोड व्हीलवर दिला. उजव्या बोटानं की, डाव्या अंगठ्यानं ताण. तीन दिवस सराव केला, कारण अंगठा अर्धा क्षण उशिरा पोचतो. मग आईनं त्याच्यावर गाणं म्हटलं, काही न बोलता.

व्होल्कावर दहा मिनिटांत कळलं की सूर, ताण आणि वेळ ह्यांचं एकमेकांशी नातं काय. लॅपटॉपवर मी सरळ गेलो असतो तर शंभर बटणांत ते सापडायला महिना लागला असता. पण वाद्य पूर्ण झालं ते लॅपटॉपवरच. म्हणून खोलीत काम करणाऱ्यालाही मी सांगतो: वर्षभरानं, थोडे पैसे साठले की, एक छोटा, नॉबवाला, सेलवर चालणारा हार्डवेअर सिंथ घ्या. व्होल्का कीज घ्या, घंटा-टाळ आवडत असतील तर व्होल्का एफएम घ्या, त्यातही डीएक्स7 चे टोन भरता येतात. हातानं फिरवलेलं कान विसरत नाही.

गांधाराचंही सांगतो, कारण भजनवाले विचारतात. कीबोर्डचा शुद्ध गांधार तंबोऱ्याबरोबर टोचतो, तो भास नाही. कीबोर्डवर सा ते ग अंतर 400 सेंट असतं. तंबोऱ्याच्या तारेतून ऐकू येणारा गांधार 386 च्या आसपास असतो, म्हणजे 14 सेंट खाली. सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. सर्ज आणि व्हायटल दोन्हींत स्वरांची फाईल भरून हे दुरुस्त होतं. कॉर्गच्या पीए मालिकेसारख्या मोठ्या कीबोर्डमध्येही एकेक स्वर वरखाली करता येतो. फक्त गायकानं पट्टी बदलली की सा नव्यानं सांगावा लागतो. ते विसरलं तर गांधार सोडून भलताच स्वर उतरतो.

घ्यायला जाताना

जुनं घेणार असाल तर स्वतःचे हेडफोन घेऊन जा. प्रत्येक की एकदा हळू आणि एकदा जोरात दाबा. बोटाचा जोर ओळखणारा कीबोर्ड असेल तर दोन्हींत फरक यायलाच हवा. प्रत्येक नॉब पूर्ण फिरवा आणि खरखर येते का ते ऐका. पिचबेंड सोडल्यावर सूर जागेवर येतो का बघा. अर्धा तास चालू ठेवूनच पैसे द्या, कारण बरेच दोष तापल्यावर दिसतात. जपानहून आलेली जुनी यंत्रं 100 व्होल्टची असू शकतात, मागची पट्टी वाचल्याशिवाय आपल्या 230 च्या पिनमध्ये घालू नका. बऱ्याच जुन्या सिंथमध्ये मेमरीची बॅटरी असते. ती संपली की साठवलेले टोन जातात. बदलता येते, पण भाव करताना बोला.

नवं घेताना दुकानदाराला एकच प्रश्न: बिघडलं तर कुठं पाठवायचं? माझा एक कीबोर्ड पडदा गेला म्हणून एका शहरात दुरुस्तीला दिला होता. तीन महिने तिथंच पडून राहिला आणि पूर्ण लग्नसराई मी उसन्या कीबोर्डवर काढली. तेव्हापासून लातूरला किंवा संभाजीनगरला दुरुस्त होईल तेच मी घेतो. पुण्या-मुंबईच्या खेपा मराठवाड्यातल्या माणसाला वस्तूपेक्षा महाग पडतात.

आणि तार. पाच पिनांची मिडीची तार, किंवा यूएसबी. मिडी 1983 पासून आहे आणि तेव्हाचा कीबोर्ड आजच्या लॅपटॉपशी अजूनही बोलतो. स्टेजचा कीबोर्ड घरी आणून त्याच तारेनं लॅपटॉपला जोडला की वेगळा मिडी कीबोर्ड घ्यायची गरजही राहत नाही. ज्याच्याकडे एक्सपीएस-10 किंवा तसं काही आधीच आहे, त्यानं ही तार घ्यावी आणि रात्री जेवण झाल्यावर व्हायटल उघडून बसावं.

केजच्या पोरानं 45 हजारांपैकी 19 हजार खर्च केले. चांगल्या हालतीतला जुना 49 कीचा मिडी कीबोर्ड, दोन इनपुटचा इंटरफेस, हेडफोन. मामाचा लॅपटॉप घरात होता, त्यात 8 जीबी रॅम होती, तेवढी पुरली. उरलेले पैसे त्यानं वडिलांकडे परत ठेवायला दिले. दिवाळीच्या सुट्टीत तो पेन ड्राईव्ह घेऊन आला. भीमगीत होतं, गायला त्याची चुलत बहीण, आणि मागं त्यानं स्वतः घडवलेला बेस, चढता-घसरता, मोड व्हीलवर. गावातल्या मंडळानं एप्रिलमध्ये स्टेजवर वाजवशील का म्हणून विचारलंय त्याला. येत्या रविवारी सकाळच्या बसनं आम्ही दोघं लातूरला जातोय, एक जुना स्टेज कीबोर्ड बघायला. हेडफोन त्याचेच घेऊन यायला सांगितलेत.